रेणुकाक्कांची सही

गेल्या आठवड्यात बंगळूरला, इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. विषय होता द्रवरूप नायट्रोजन वाहून नेणाऱ्या पाइपलाइनचा, म्हणजे उणे एकशे शहाण्णव अंशांचं काम. नुकताच पुण्याहून आलेला एक हुशार इंजिनिअर खुर्चीत रेलून म्हणाला, "पण सर, सगळं स्टेनलेस स्टील आहे ना? मग इम्पॅक्ट टेस्ट कशाला?" मला हसू आलं. बिचाऱ्याला वाटलं, मी त्याला हसलो. खरं तर मी स्वतःलाच हसत होतो, कारण काही वर्षांपूर्वी हेच वाक्य अगदी याच ऐटीत मी रेणुकाक्कांसमोर टाकलं होतं.

तेव्हा मी आनेकलच्या वाटेवरच्या एका पाइप बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होतो. राहायला बेळ्ळंदूरला, त्यामुळे आयुष्याचा बराचसा भाग कंपनीच्या बसमध्ये जात होता. पुण्याहून येताना मी पदवी आणली होती, दोन वर्षांचा अनुभव आणला होता आणि या दोन्हींना न शोभेल इतका आत्मविश्वास आणला होता. एक दिवस आमच्या मॅनेजरनी वेल्डिंग केलेली एक जाड प्लेट माझ्या हातात दिली आणि सांगितलं, ही मूर्तींच्या लॅबमध्ये घेऊन जा आणि टेस्ट करून आण.

मूर्तींची लॅब म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या तीन खोल्या. शेजारी बेकरी असल्यामुळे दारात मशीनच्या तेलाचा आणि गरम बनचा एकत्र वास यायचा. आत पन्नाशीकडे झुकलेली एक ठेंगणी बाई उभी होती. साडीवर निळा कोट, पायात जाडजूड सेफ्टी बूट, आणि केसांत अबोलीचा गजरा. तिने माझा फॉर्म घेतला, आडनाव वाचलं आणि विचारलं, "पुण्याचे काय साहेब?"

परक्या गावात मराठी ऐकून माणूस सैल होतो, तसा मी झालो. म्हटलं, "हो. आणि खरं सांगू का मॅडम, हे स्टेनलेस आहे. याला इम्पॅक्ट टेस्टची गरजच नाही. कोडमध्ये सूट दिली आहे."

"कुणाला दिलीय सूट?"

"स्टेनलेसला."

"प्लेटला दिलीय की साहेब. सांध्याला दिलीय का?" त्यांनी वेल्डिंगच्या रेघेवर बोट ठेवलं. "उणे एकोणतीसच्या खाली गेलं की सांध्याची टेस्ट पायजेच. तुम्ही प्लेट आणलाय का सांधा आणलाय, ते आधी ठरवा. तवर मी च्या सांगतो."

त्याच या रेणुकाक्का. बेळगावकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी सांगतो, मी येतो' असंच बोलायच्या. कोडचं, म्हणजे या धंद्यातल्या नियमांचं, जाडजूड पुस्तक ब्राऊन पेपरचं कव्हर घालून त्यांच्या टेबलावर होतं, पण ते उघडायची वेळच आली नाही. मी गुपचूप चहा प्यालो. पुणेकराची बोलती एका वाक्यात बंद करणाऱ्या फार बाया मला भेटलेल्या नाहीत.

ज्याला या धंद्यातलं काही माहीत नाही, त्याच्यासाठी दोन शब्द. साधं लोखंड फार थंड केलं की ठिसूळ होतं, एका फटक्यात तुटतं. चांगलं स्टेनलेस तसं होत नाही, म्हणून त्याचं नाव मोठं. पण सांधा म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला धातू. त्यात वितळवून भरलेली तार वेगळी, उष्णता वेगळी, करणारा हात वेगळा. म्हणून वेल्डिंग केलेल्या नमुन्यातून बोटाएवढे तीन तुकडे कापायचे, प्रत्येकाला बरोबर सांध्यावर एक बारीक खाच पाडायची, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचे आणि मशीनच्या लोंबत्या हातोड्याने एका घावात तोडायचे. तुटताना तुकडा मागच्या बाजूने थोडा पसरतो. प्रत्येक तुकडा निदान अडतीस शतांश मिलिमीटर तरी पसरला पाहिजे. जो पसरला, तो तुटण्याआधी झुंजला. जो पसरला नाही, तो काचेसारखा गेला.

नायट्रोजनमधून काढल्यावर पाच सेकंदांच्या आत घाव बसावा लागतो, नाहीतर तुकडा गरम व्हायला लागतो आणि टेस्ट बाद. अक्कांचं हे काम बघायला मी नंतर नंतर निमित्त काढून जायचो. थर्मासच्या पेटीतून पांढरी वाफ वर येत असायची. अक्का चिमटासुद्धा आधी त्याच वाफाळत्या द्रवात बुडवून ठेवायच्या. "ह्यो गरम राहिला तर माझ्याच हातानं तुकड्याला ऊब लागती," म्हणायच्या. मग तुकडा उचलायचा, मशीनवर ठेवायचा, आणि तोंडाने मोजणं चालू: "ओंदु, एरडु, मूरु..." नाल्कुला, म्हणजे चारला, हातोडा सुटलेला असायचा. बेळगावची मराठी बोलणारी ही बाई आकडे मात्र कन्नडात मोजायची. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "शाळा कन्नड होती. आकडे शाळेत शिकलो, बोलायला घरात शिकलो." पाच हा आकडा त्यांच्या तोंडून मशीनपाशी मी कधी ऐकला नाही.

तुटलेले अर्धे तुकडे सगळ्या लॅबवाल्यांना काही दिवस ठेवावे लागतात, मग भंगारात जातात. अक्का ते टाकायच्याच नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, कागदात गुंडाळून, वर पेनाने नंबर घालून, एका कपाटात रचून ठेवलेले. मूर्ती त्या कपाटाला हात जोडायचे. जागा अडते म्हणून त्यांनी एकदा डबे हलवायला काढले, तर अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मूर्तीच सांगायचे हे, आणि सांगताना घाबरल्याचा अभिनय करायचे. मालक ते होते, पण लॅब कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

जेवताना त्या बेंचवर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खायच्या आणि समोरच्याला अर्धी भाकरी दिल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. माझं 'साहेब' पहिल्या महिन्यातच सुटलं. मग मी नुसता 'पुणेकर' झालो आणि 'तुम्ही'चा 'तू' झाला. "ये पुणेकर, बस. हात कोरडे हाईत का? ओल्या हातानं त्या पेटीजवळ जाऊ नको, कातडं सोलून निघंल." प्रेम आणि धमकी त्यांच्याकडे एकाच वाक्यात मिळायची.

एकदा एका बड्या कंपनीचा तपासनीस आला होता. कडक इस्त्री, मनगटावर महागडं घड्याळ. अक्का तुकडा मशीनवर ठेवताना तो जवळून बघायला म्हणून मशीनभोवतीच्या पिवळ्या रेघेच्या आत सरकला. अक्कांनी हातोडा सोडला नाही. तुकडा उचलून पुन्हा पेटीत टाकला, चिमटा टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "निमगे कै बेका, कालु बेका?" म्हणजे तुम्हाला हात हवेत की पाय? मग त्याला रेघेबाहेर उभा केला आणि तुकडा पुन्हा पूर्ण वेळ थंड होईपर्यंत सगळ्यांना ताटकळत ठेवलं. त्या माणसाने जाताना मूर्तींकडे तक्रार केली. पुढच्या वेळी आला तेव्हा मात्र दारातूनच विचारत आला, "अक्का, एल्ली निल्लली?" कुठे उभा राहू?

नियमांच्या बाबतीत त्या कडक होत्या, पण हट्टी नव्हत्या. आमचा एक नमुना असाच अडकला. तीन तुकड्यांपैकी दोन छान, तिसरा छत्तीस शतांश. हवे अडतीस. दोन शतांश म्हणजे डोळ्यालाही न दिसणारा फरक. आमच्या मॅनेजरनी मला फोनवर सांगितलं, जा आणि अक्कांना समजाव. मी गेलो आणि गोड आवाजात सुरुवात केली. अक्कांनी ऐकून घेतलं.

"झालं बोलून? आता बघ. एकच तुकडा कमी हाय, तो पण फार कमी नाही, आणि तिघांची सरासरी वर हाय. मग कोडात वाट दिलीय: आणखी तीन तुकडे तोडा, तिन्ही पास झाले पायजेत. प्लेट शिल्लक हाय. उद्या ये." मग जरा थांबून म्हणाल्या, "वाट हाय म्हटल्यावर मी दाखवतो की रे. नाही तिथनं मात्र मला ढकलू नको."

तीन तुकडे तोडले, तिन्ही पास झाले. मॅनेजरना वाटलं मी अक्कांना पटवलं. मीही ते खोडून काढलं नाही, ही त्या वेळची माझी लायकी.

अक्कांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही, त्या सांगायच्याही नाहीत. एवढं कळलं होतं की बेळगावला एका फाउंड्रीत त्या ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला होत्या. तिथेच दुसऱ्याचं बघून मशीन शिकल्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर स्वतः डिप्लोमाला बसल्या. बंगळूरला आल्या आणि मूर्तींकडे लागल्या तेव्हा रिपोर्ट त्या तयार करायच्या आणि सही दुसराच कुणी करायचा. सही करायचा अधिकार मिळायला त्यांना परीक्षा द्यावी लागली, मुलाखत द्यावी लागली आणि बरीच वर्षं थांबावं लागलं. तो मिळाला त्या आठवड्यात त्यांनी घरी वर्तमानपत्राच्या कडांवर सही गिरवली होती. हे त्यांनीच हसत हसत मला सांगितलं. सही मराठीत करायच्या, 'रेणुका होनगेकर' असं पूर्ण, काना-मात्रा न चुकवता. एका गिऱ्हाइकाने हरकत घेतली की इंग्रजी रिपोर्टवर मराठी सही कशी. अक्का म्हणाल्या, "ब्यांकेला चालती." विषय संपला. आणि खरंच, त्या सहीला वजन होतं. आमच्या भागातले वेल्डर एकमेकांना सांगायचे, अक्काने पास केलाय म्हणजे सांधा पास.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. इतका वेळ लावला, कारण त्यात माझा भाग फारसा भूषणावह नाही.

आनेकलच्या पलीकडे एका गॅस कारखान्यात द्रवरूप ऑक्सिजनची नवी लाइन टाकायची होती. सांधे आम्ही करणार होतो. कारखान्याचे मुख्य इंजिनिअर हेगडे म्हणून होते, पांढऱ्या मिशांचे, मोजकं बोलणारे. काम सुरू करायच्या आधी त्याच तारेने, त्याच पद्धतीने केलेला एक नमुना इम्पॅक्टमध्ये पास व्हायला हवा होता. आमच्याकडून उशीर झालेला. शुक्रवारी दुपारी मी प्लेट घेऊन लॅबमध्ये धावत गेलो. सोमवारी वेल्डिंग सुरू करायचं होतं आणि रिपोर्ट संध्याकाळी पाहिजे होता.

खाच पाडायच्या आधी अक्कांची एक रीत होती. स्टेनलेसचा तुकडा घासून चकचकीत केला की सांधा कुठला आणि प्लेट कुठली हे डोळ्याला कळतच नाही. म्हणून त्या तुकड्याच्या बाजूला आम्ल लावायच्या आणि काही मिनिटं वाट बघायच्या. हळूहळू सांधा वेगळा उठून दिसायचा, मग त्याच्या मधोमध रेघ मारायची, आणि त्या रेघेवर खाच. त्या दिवशी आम्ल संपलं होतं. नवीन बनवून घ्यायला तासभर तरी गेला असता. मी त्यांच्या मागे उभा होतो. "अक्का, आजच हवं हो. अक्का, जमेल ना? मॅनेजर डोकं खातायत." मी तीनदा घड्याळ बघितलं आणि तिन्ही वेळा त्यांना दिसेल असं बघितलं. अक्कांनी पट्टी घेतली, तुकड्याची लांबी मोजली आणि मधोमध रेघ मारली.

टेस्ट झाली. तिन्ही तुकडे असे पसरले की मी खूश. कधी नव्हे इतके सुंदर आकडे. मी शेजारच्या बेकरीतून खोबरं भरलेलं गोड दिलपसंद आणलं, सगळ्यांना वाटलं. अक्कांनी एक तुकडा खाल्ला, रिपोर्टवर सही केली. सोमवारी आमचं काम सुरू झालं. तीन आठवड्यांत चाळीसच्या वर सांधे झाले.

मग एक दिवस दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा नमुना अक्कांकडे आला. तार त्याच बनावटीची आणि त्याच लॉटची. तो नमुना जेमतेम काठावर पास झाला. दुसऱ्या कुणी तो रिपोर्ट लिहून टाकला असता. अक्कांच्या डोक्यातून ते जाईना. तार एकच, मग पुणेकराचे आकडे इतके चांगले कसे? त्यांनी कपाटातून आमचा डबा काढला, तुटक्या अर्ध्यांवर आम्ल लावलं आणि वाट बघितली.

मला फोन आला. "पुणेकर, लगेच ये." आवाज नेहमीचाच होता. मी गेलो तेव्हा टेबलावर पांढऱ्या कापडावर सहा अर्धे तुकडे मांडलेले होते. अक्कांनी एक माझ्यासमोर सरकवला. सांध्याचा पट्टा आता स्पष्ट दिसत होता, आणि तुटलेली कड त्याच्यापासून आठ मिलिमीटर लांब होती. तिन्हींची तीच गत. कापताना तुकडे एका बाजूला सरकले होते. तुकड्याचा मध्य म्हणजे सांध्याचा मध्य नव्हताच. आम्ही तीनही वेळा नुसती प्लेट तोडली होती. सांधा एका अर्ध्यात अख्खाच्या अख्खा शाबूत बसला होता, त्याला कुणी धक्काही लावला नव्हता.

मूर्ती दारात उभे होते, त्यांचा चेहरा उतरला होता. ते वाईट माणूस नव्हते. लॅबची मान्यता जाईल, गिऱ्हाइकं तुटतील, सहा माणसं तिथे काम करत होती. ते माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "सर, आप ही समझाओ इनको. लाइन अभी चालू नहीं हुई है. बची हुई प्लेट से चुपचाप फिर टेस्ट कर लेते हैं. पास हो गया तो बात खतम." मलाही ते पटलं, हे मी आज कबूल करतो.

अक्का म्हणाल्या, "आधी पत्र. मग टेस्ट."

"पण अक्का, सांधे चांगले निघाले तर पत्राची गरजच नाही."

"म्हणूनच आधी." त्या माझ्याकडे बघत होत्या. "आधी टेस्ट केली आणि पास झाली, तर पत्र कोण लिहिणार? तू लिहिणार नाहीस. मूर्तीसर लिहिणार नाहीत. आणि मी पण लिहिणार नाही रे पुणेकर. मला माझं माहीत हाय. पुढं मग सवय लागती."

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिलं, "अर्थ बदलू नको" अशी ताकीद देऊन. चार ओळी होत्या. खाच चुकीच्या जागी पाडली गेली, आम्ल लावून सांधा तपासण्याची पायरी मी वगळली, म्हणून माझ्या सहीचा हा रिपोर्ट धरू नये, लाइन सुरू करू नये. मी 'तांत्रिक कारणामुळे' असे दोन शब्द घुसवून बघितले. त्यांनी पेनाने ते खोडले. "कारण तांत्रिक कुठंय? कारण मी हाय."

त्या चार ओळींत माझ्या घाईबद्दल अवाक्षर नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, "अक्का, मी मागे लागलो होतो. ते लिहा."

"घाई सगळेच करतात. रोज कोण ना कोण उभा असतोय इथं घड्याळ बघत. घाई तुझी होती, सही माझी हाय." आणि त्यांनी पत्राची घडी घातली.

मी संध्याकाळी आमच्या मॅनेजरना एक पान लिहून दिलं, त्यात माझी घाई होती. त्याबद्दल मिळायच्या त्या शिव्या मिळाल्या. त्याचं कौतुक मला करून घ्यायचं नाही. पुढे उभं राहिलेल्या माणसामागून चालायला फार धैर्य लागत नाही.

शिल्लक प्लेटची टेस्ट हेगडेंच्या समोर झाली. मशीनवर अक्का नव्हत्या, मूर्तींनी दुसऱ्या टेक्निशियनला उभं केलं होतं. अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. या वेळी खाच बरोबर सांध्यावर होती. पहिला तुकडा गेला, ठीक. दुसरा गेला, कसाबसा ठीक. तिसऱ्याचा आवाजच वेगळा आला, कोरडा आणि छोटा. दोन्ही अर्धे लांब जाऊन पडले. हेगडेंनी वाकून एक उचलला. तुटलेली बाजू सपाट होती, पसरली म्हणावं असं काही नव्हतं. इतका कमी आकडा आला की पुन्हा तीन तुकडे तोडायची वाटही कोडात उरली नव्हती. तो लॉटच वाईट निघाला. असा धातू आमच्या चाळीसच्या वर सांध्यांत भरलेला होता, आणि महिनाभरात त्यांतून उणे एकशे त्र्याऐंशी अंशांचा ऑक्सिजन धावणार होता, खाली माणसं काम करत असताना. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

सगळे सांधे कापले. नवीन तार मागवली. काम दोन महिने मागे गेलं. आणि त्या दोन महिन्यांत अक्कांचा सही करायचा अधिकार गेला. गिऱ्हाइकांना दाखवायला काहीतरी कारवाई हवी होती, ती मूर्तींनी खाली मान घालून केली. अक्का पूर्वीसारख्याच येत होत्या, तुकडे मोजत होत्या, तोडत होत्या, रिपोर्ट भरत होत्या. खाली सही मात्र नव्याने आलेला एक गृहस्थ करायचा. मी एकदा विचारलं, कसा आहे माणूस? "बरा हाय," म्हणाल्या, "सही लईच मोठी करतोय. बाकी बरा हाय." हसल्याही. पण मग भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बराच वेळ बसल्या. जी गोष्ट मिळवायला त्यांची निम्मी उमर गेली, ती चार ओळींच्या पत्राने गेली होती, आणि ते पत्र त्यांनीच लिहिलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं. पश्चात्ताप मात्र एकदाही दिसला नाही. मला त्यांच्या ओळखीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो त्यांना सांगायची सोयही नव्हती. सांगितलं असतं तर हात कोरडे आहेत का म्हणून विचारलं असतं.

नव्या तारेचा नमुना तयार झाला तो माझा त्या कारखान्यातला शेवटचा आठवडा होता. मी नोकरी बदलून इकडे येत होतो, आणि त्यानंतर वर्षभरात अक्काही बेळगावला परत गेल्या. म्हणजे मी त्यांना पाहिलं ते त्या टेस्टच्या दिवशी शेवटचं.

टेस्ट झाली. तिन्ही तुकडे चांगले पसरले, आकडे भरपूर वर आले. बाहेर आमची गाडी रिपोर्ट घेऊन साइटवर जायला उभी होती. वेल्डर खोळंबले होते. मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते. सही करणारा गृहस्थ पेन उघडून बसला होता. तेवढ्यात हेगडेंनी विचारलं, "आ अक्का एल्ली?" त्या अक्का कुठे आहेत?

अक्का आतल्या खोलीत पेटी झाकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या. हेगडेंनी रिपोर्ट उचलून त्यांच्यासमोर धरला आणि कन्नडात म्हणाले, यावर तुमची सही पाहिजे. मूर्ती गडबडून सांगायला लागले की त्यांना सध्या अधिकार नाही, नियम आहे, वगैरे. हेगडे ऐकत राहिले. मग म्हणाले, "कागदावर अधिकार ज्याचा आहे त्याने करावी. त्याच्या शेजारी या अक्कांची मला हवी. माझ्या टेबलावर आजवर पुष्कळ रिपोर्ट आले. माझा रिपोर्ट धरू नका असं कुणी लिहून दिलं नव्हतं. मी लाइन सुरू करणार ती यांची सही बघून."

मूर्तींनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं आणि अक्कांपुढे धरलं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, लपवायचं काही कारण नाही.

अक्कांनी पेन घेतलं नाही. "स्वल्प निल्री," म्हणाल्या. जरा थांबा. त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं, नुकतेच तोडलेले सहा अर्धे तुकडे एका ओळीत मांडले, आम्लाची बाटली आणली. बोळा बुडवून एकेकाच्या बाजूला फिरवला. भिंग घेतलं, खुर्ची ओढली आणि सांधा उठून यायची वाट बघत बसल्या. केसांतला अबोलीचा गजरा एका बाजूला घसरला होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

पाच मिनिटं गेली असतील. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मूर्ती माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सर, गाडी..."

"थांबू दे," मी म्हटलं.